जेवलात काय, ते आधी सांगा

कुसुमताई चुरींनी माझा पहिलाच कागद परत पाठवला होता.

डहाणूहून तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या छोट्याशा ट्रस्टच्या हॉस्पिटलात रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. डायबेटीस असलेल्या एका बाईच्या कागदावर मी ऐटीत 'इन्सुलिन लेव्हल' असं लिहिलं आणि तिला लॅबकडे धाडलं. पाच मिनिटांत ती कागद घेऊन परत आली. माझ्या अक्षराखाली निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, 'कधीचं? उपाशी की जेवून? जेवून असेल तर काय जेवून?'

मी तरातरा लॅबमध्ये गेलो. पन्नाशी उलटलेली, बुटकी, अंगानं भरलेली एक बाई स्टुलावर बसली होती. चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला. समोर एक म्हातारा होता आणि त्याचा पंजा तिनं आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"दोन मिनिटं थांबा, डॉक्टर," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. "बाबांचा हात गार आहे. गार हाताची शीर लपून बसते."

हात गरम झाला, सुई गेली, म्हाताऱ्याला कळलंही नाही. मग माझ्याकडे वळून कुसुमताई म्हणाल्या, "रागावू नका. आकडा मुंबईच्या लॅबमधून येईल. पण तो कुठल्या पोटाचा आकडा, हे त्यांना कसं कळणार? भाकरी खाऊन आलेल्या माणसाचं इन्सुलिन वेगळं, कालपासून काही न खाल्लेल्याचं वेगळं. तुम्हाला कुठलं हवंय?"

मला कुठलं हवंय ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी कागद घेऊन गुपचूप परत आलो.

"जेवलात काय, ते आधी सांगा," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. नाव, गाव, वय नंतर. रजिस्टरमध्ये पट्टीनं रेघा मारून त्यांनी स्वतःच एक जास्तीचा रकाना पाडला होता, 'जेवण' नावाचा. 'नागलीची अर्धी भाकर, सुकट.' 'पेज, सकाळी.' 'भात, काल दुपारी.' आणि मधेमधे, वाचताना डोळा अडकावा असं, 'काही नाही.' एकदा एका बाईला आमच्या शिपायानं सांगितलं, उद्या उपाशी या. ती म्हणाली, "उपाशीच तर असतो. वेगळा काय करायचा?" कुसुमताई आतून ऐकत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्यच बदललं. "रात्री पोटभर जेवा, आणि सकाळी काही न खाता या," असं सांगायच्या. रक्त काढून झालं की टेबलाखालचा स्टीलचा डबा उघडायचा. त्यात उकडलेली अंडी नाहीतर वाडीतली केळी असायची. ज्याच्या रकान्यात 'काही नाही' असेल त्याला ते खाल्ल्याशिवाय लॅबच्या बाहेर पडता यायचं नाही.

त्या मूळच्या वाढवणच्या बाजूच्या. घरची चिकूची वाडी, भाऊ-भावजयीबरोबर एकत्र राहणं. लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. तिथं होऊ घातलेल्या बंदराविरुद्धचा मोर्चा असला की रजा टाकायच्या आणि अर्जात कारण लिहायच्या, 'मोर्चा'. ऑफिसातला क्लार्क वैतागायचा. "ताई, 'घरगुती काम' लिहा ना. सगळे तेच लिहितात." त्या म्हणायच्या, "घरचंच काम आहे. पण नाव त्याचं मोर्चा आहे." कागदावर खोटं लिहिणं त्यांच्या हातून व्हायचंच नाही. रिपोर्ट असो की रजेचा अर्ज, त्यांना दोन्ही सारखेच.

आणि चिकूचं त्यांचं मत ठाम होतं. मी नवा होतो, पुस्तकातलं पथ्य सांगायचो, चिकू बंद. त्यांनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, डहाणूत बसून चिकू बंद सांगाल तर लोक तुम्हालाच बंद करतील. अर्धा सांगा. अर्धा ऐकतील."

इन्सुलिनचं कोडं मला त्यांनीच सोपं करून सांगितलं. मी पुस्तकातून शिकलो होतो खरा, पण त्यांनी सांगितल्यावर ते डोळ्यांसमोर उभं राहिलं. किनाऱ्यावरचं माणूस, उदाहरणही तिथलंच. "घरात मासळी शिजली नाही, तर दोन कारणं असतात. एक तर होडी रिकामी आली. नाहीतर होडी भरून आली, पण घरचे घ्यायलाच गेले नाहीत. रक्तातली साखर नुसती एवढंच सांगते की चूल पेटली नाही. होडीचं विचारायचं तर वेगळं विचारायला लागतं, घराचं वेगळं."

म्हणजे, शरीर इन्सुलिन बनवतं किती, हा एक प्रश्न. आणि बनवलेल्या इन्सुलिनचं शरीर ऐकतं किती, हा दुसरा. मोठ्या शहरांत संशोधनासाठी हे मोजायची एक रीत आहे. माणसाला तासन्‌तास झोपवून ठेवायचं, एका हातातून इन्सुलिन आणि साखर सोडत राहायचं, दुसऱ्या हातातून दर थोड्या मिनिटांनी रक्त काढायचं. आमच्याकडे तसलं काही शक्य नव्हतं. आमच्याकडे एक फ्रिज होता, रक्त फिरवायचं एक यंत्र होतं, आणि कुसुमताई होत्या.

जयंतीभाईंची गोष्ट कुसुमताईंनी स्वतः कधी लपवली नाही, म्हणून मीही लपवत नाही.

अच्छाडला, गुजरात सीमेवरच्या चेकपोस्टच्या अलीकडे, हायवेवर जयंतीभाईंचा ढाबा होता. माणूस साठीचा, अंगानं बारीक, बोलण्यात निम्मं गुजराती. तिथल्या एका शिबिरात त्यांच्या रक्तात साखर खूप निघाली. मी म्हटलं, इन्सुलिनही बघू. कुसुमताईंनी रक्त घेतलं, बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि गाडी निघाली. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, गाडी हलेना. इन्सुलिनचं रक्त नाजूक असतं. लवकर गार करून, फिरवून, वरचं पाणी वेगळं काढून गोठवावं लागतं. आम्ही पोचलो तोवर बर्फाचं पाणी झालं होतं.

नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट आला, इन्सुलिन अगदी कमी. मी तो आकडा बघितला आणि जयंतीभाईंना इंजेक्शन सुरू केलं.

पंधरा दिवसांनी ते सकाळच्या गर्दीत तव्यासमोर उभे असताना साखर एकदम उतरली. घाम फुटला, तोल गेला, आणि आधाराला हात टेकला तो तव्यावर. तळहात भाजला. वेळेवर कुणीतरी तोंडात साखर घातली म्हणून निभावलं.

मी सगळ्यांना सांगत होतो, जेवणाची वेळ चुकली असेल, डोस जास्त घेतला असेल. कुसुमताई दुपारी माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, ते पाणी लालसर होतं."

"कुठलं पाणी?"

"जयंतीभाईंच्या रक्ताचं. फिरवल्यावर वर पिवळं दिसायला हवं. जरासं लाल दिसत होतं. पेशी फुटल्या होत्या. तसं झालं की इन्सुलिन नासतं, आकडा खोटाच कमी येतो. मला माहीत होतं. कुरियरची गाडी दारात होती, मी डोळेझाक केली."

मी म्हटलं, हे कुणाला सांगायची गरज नाही, आता आपण इंजेक्शन बंद करू, गोळ्या देऊ. खरं तर मी स्वतःलाच वाचवत होतो. एका आकड्यावर भरवसा ठेवून इंजेक्शन मीच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं होतं, 'चूक सांगायला जाणे.' क्लार्कनं तो कागद माझ्याकडे आणून दिला. मी उठलो आणि स्कूटरवर त्यांच्या मागे बसलो.

ढाब्यावर जयंतीभाई खाटेवर बसले होते, हाताला पट्टी. कुसुमताई उभ्या उभ्याच बोलल्या. "जयंतीभाई, तुमच्या अंगात इन्सुलिन आहे. बिघाड माझ्या नळीत होता. मी तो पाहिला आणि तसाच पुढे पाठवला. तुमचा हात माझ्यामुळे भाजला."

मीही काहीतरी पुटपुटलो.  जयंतीभाईंचा मुलगा काउंटरवरून उठून चढ्या आवाजात बोलू लागला, तसा त्यांनी त्याला हातानं बसवलं.

"बेसो, बेन," ते म्हणाले. "हाथ तो सारो थई जशे. बरा होईल हात. पण माझ्यासारखा दुसरा कोणी येईल, त्याचा पण रस्ता हाच आहे. हाच हायवे, हाच ट्रॅफिक. त्याचं काय करशील?"

 परत येऊन स्कूटर लावताना कुसुमताई एवढंच म्हणाल्या, "बरोबर विचारलं त्यांनी. रस्ता तर हाच आहे."

पुढचे कित्येक महिने त्या एकाच गोष्टीमागे होत्या. मुंबईच्या लॅबमधल्या मुख्य बाईंना त्यांनी फोनवर फोन केले, आणि एक दिवस वहीत काहीतरी लिहून माझ्याकडे आल्या. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर एक तुकडा सुटतो, सी-पेप्टाइड नावाचा. जितकं इन्सुलिन, तितकाच तो. त्यातला थोडा लघवीतून बाहेर पडतो. म्हणजे पोटभर जेवून दोन तासांनी बाटलीभर लघवी दिली, तर होडी भरून आली की रिकामी, ते त्यावरून कळतं. सुई नको. आणि बाटलीत बोरिक पावडर टाकली तर एक-दोन दिवस बर्फही नको.

"बोरिक पावडर म्हणजे?"

"कॅरमवर टाकतात ती," त्या हसून म्हणाल्या. जयंतीभाईंच्या प्रकारानंतर त्यांना हसताना मी प्रथमच बघत होतो. "अर्थात, आपण शुद्धवाली मागवू."

पण ऐकीव गोष्टीवर त्यांचा आता विश्वास नव्हता. त्यांनी स्वतः लॅबमध्ये बसून वरण-भात खाल्ला, दोन तासांनी नमुना दिला आणि त्याच्या तीन बाटल्या केल्या. एक फ्रिजमध्ये, एक खिडकीत. तिसरी स्कूटरच्या डिकीत, आणि ती घेऊन मे महिन्याच्या उन्हात तलासरीला जाऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मग तिन्ही बाटल्या मुंबईला पाठवल्या, पण कुठली कुठली ते न सांगता. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "ही बाटली ट्रॅफिकला घाबरत नाही."

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे शरीर ऐकतं का यासाठी, त्यांनी शिंप्याची टेप आणली. कंबर मोजायची, आणि उपाशीपोटीच्या रक्तातली साखर आणि चरबी एकत्र मांडून अंदाज काढायचा. त्याचं गणित मला मोबाइलवर करायला लागायचं. त्यांनी माझ्याकडून शंभर वेळा ते करून घेतलं आणि एक तक्ता बनवून भिंतीवर चिकटवला. तक्त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हा अंदाज आहे. माणूस समोर बसलाय, त्याच्याकडे बघा.' ती ओळ माझ्यासाठी होती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

लाडकी वरठा त्यानंतरच्या पावसाळ्यात आली. गंजाडच्या एका पाड्यावरची. तिशीची असेल, पण अंगावर मांस नव्हतं. दोन वर्षं तिला गोळ्या चालू होत्या, आधी एक, मग दोन, मग तीन प्रकारच्या. साखर खाली यायला तयार नव्हती. तिच्या जुन्या कागदांवर वेगवेगळ्या अक्षरांत एकच शेरा होता, 'गोळ्या नियमित घेत नाही.' त्यातले दोन शेरे माझे होते.

त्या दिवशीही मी आवाज चढवला. "लाडकी, गोळ्या घेतल्यास तर साखर उतरेल ना? खोटं का सांगतेस?"

"रोज खाते, डाक्टर," ती खाली मान घालून म्हणाली. नवरा, रावजी, दाराशी उभा होता. तो म्हणाला, "खाते ती. माझ्यासमोर खाते." मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही.

कुसुमताई रिपोर्ट द्यायला आत आल्या होत्या. त्यांनी लाडकीचं मनगट दोन बोटांत धरलं. बोटं एकमेकांना टेकून वर उरली.

"डॉक्टर, वजन कमी कर म्हणून लिहिलंय इथं. हिच्या अंगावर कमी करायला आहे काय?"

दुसऱ्या दिवशी लाडकीला लॅबमध्ये जेवायला बोलावलं. त्यांनी घरून डबा आणला होता. भात, डाळ, अंड्याचं कालवण. लाडकी बरोबर सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. ताट समोर आलं. तिनं दोन घास खाल्ले आणि उरलेल्या भातातून निम्मा हळूच पदरात बांधायला लागली.

मी टोकणार होतो. कुसुमताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. टेबलाखालून दुसरा डबा काढला आणि मुलीपुढे ठेवला.

"बाय, हा हिचा. तो तुझा. तुझा तूच संपवायचास, शितंसुद्धा ठेवायची नाहीत. नाहीतर टेस्ट खोटी येईल आणि हे डॉक्टर पुन्हा तुलाच बोलतील."

लाडकी हसली. पदर सोडला आणि सावकाश, अगदी सावकाश सगळं ताट संपवलं. रजिस्टरच्या रकान्यात त्या दिवशी ताईंनी लिहिलं, 'पोटभर.'

आठवड्याने आकडा आला. लाडकीचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नव्हतं. टेप आणि तक्ता सांगत होते की मिळालेल्या इन्सुलिनचं ते नीट ऐकत असणार. तीन प्रकारच्या गोळ्या रिकाम्या होडीला धक्के मारत बसल्या होत्या. मी लगेच इंजेक्शन लिहायला पेन उघडलं. कुसुमताईंनी माझा हात धरला.

"पुन्हा एकदा बाटली पाठवते. मग लिहा."

"रिपोर्ट स्पष्ट आहे, ताई. तिची तब्येत बघा. थांबायचं कशाला?"

"तब्येत बघूनच सांगते. चार दिवस मी तिला रोज बोलावून साखर तपासते, इथं जेवू घालते. ढासळायला लागली तर थांबू नका. पण एकदा मी एका कागदावर माणूस सोडून दिलाय. दुसऱ्यांदा नाही."

लाडकी चार दिवस रोज आली. दुसरा आकडाही तसाच आला. मग आम्ही इन्सुलिन सुरू केलं, अगदी थोडं. घरी फ्रिज नव्हता, म्हणून कुसुमताईंनी मातीच्या ओल्या मडक्यात कुपी कशी ठेवायची ते रावजीला दाखवलं. साखर उतरली तर काय होतं, काय द्यायचं, हे त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. त्याला सुईची भीती वाटत होती. बायकोला टोचायचं म्हटलं की तो सुई परत ताईंकडे द्यायचा. लाडकीच म्हणाली, "आण इकडं. मी टोचते माझी."

इन्सुलिन सुरू करायच्या आधी, रिपोर्ट सांगून झाल्यावर, ती उठली नव्हती. तिला काहीतरी विचारायचं होतं. मी म्हटलं, बोल. तिनं माझ्याकडे नाही, कुसुमताईंकडे पाहिलं.

"बाय, म्हणजे माझा खोटा नव्हता ना?"

 दोन वर्षं तिला प्रत्येकानं हेच ऐकवलं होतं. तिला बरं वाटेल की नाही, इंजेक्शन किती दिवस, यातलं काहीच तिनं विचारलं नाही.

कुसुमताईंनी रिपोर्ट तिच्यासमोर धरला. लाडकीला वाचता येत नव्हतं. त्यांनी तिचं बोट धरून त्या आकड्यावर ठेवलं. "नव्हतं. हे बघ, इथं लिहून आलंय. तू गोळ्या खात होतीस. गोळ्याच तुझ्या कामाच्या नव्हत्या. चूक आमची."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचे जुने कागद पुढे ओढले, माझे दोन शेरे शोधले आणि तिच्यासमोर ते खोडले. बाकीचे माझे नव्हते, पण तेही खोडले.

दिवाळीपर्यंत लाडकीचं वजन वाढलं. गालांवर थोडं मांस आलं. ती शेतावर पुन्हा कामाला जाऊ लागली. त्यानंतर बारीक अंगाचा, गोळ्यांना दाद न देणारा कुणी आला की त्याला रागवायच्या आधी आम्ही जेवायला घालू लागलो. सगळेच लाडकीसारखे निघाले नाहीत. काहींचं इन्सुलिन भरपूर होतं. एक-दोघांनी गोळ्या खरोखरच घेतल्या नव्हत्या. त्यांनाही कुसुमताई ओरडल्या नाहीत. "का नाही घेतल्या?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. त्यांच्या त्या थांबण्यापुढे खोटं टिकायचं नाही.

मी नंतर नाशिकला गेलो. त्या निवृत्त झाल्याचं कळलं, फोन व्हायचे. मधे त्यांच्या हृदयाचं काहीतरी निघालं होतं. ते त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

गेल्या वर्षी कामानिमित्त तलासरीला गेलो होतो. तिथल्या आरोग्य केंद्रात गावोगावच्या आशाताईंचं प्रशिक्षण चाललं होतं, आणि व्हरांड्यातून मला आतला ओळखीचा आवाज ऐकू आला. मी खिडकीशी थांबलो. कुसुमताई खुर्चीत बसल्या होत्या, बऱ्याच वाळलेल्या. बाही वर सरकवून हात टेबलावर पसरलेला. समोर चाळिशीतली एक आशाताई बोट टोचायची सुई घेऊन उभी होती, घामाघूम. तिनं एकदा टोचलं, रक्त आलं नाही. दुसऱ्या बोटाला टोचलं, तिथंही नाही. मागच्या बायका हसायला लागल्या, तशी ती सुई खाली ठेवू लागली.

"ठेवायची नाही," कुसुमताई म्हणाल्या. "मला आणखी आठ बोटं आहेत."

सगळ्या पुन्हा हसल्या, पण आता ती बाईही त्यांच्यात हसत होती. तिनं पुन्हा सुई उचलली. कुसुमताईंनी तिसरं बोट पुढे केलं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत बसल्या, त्या बाईला कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटू नये म्हणून. मी त्यांच्या समोरच उभा होतो. चष्मा गळ्यात होता, त्यामुळे त्यांना मी दिसलो नसणार. त्यांचा चेहरा इतका शांत होता, की मला हाक मारवली नाही. काम संपवून येतो आणि भेटतो, असं ठरवून मी निघालो. परत आलो तेव्हा प्रशिक्षण संपलं होतं. दोन महिन्यांनी त्या गेल्याचा फोन आला.

खिडकीपासून निघताना मागून त्या आशाताईचा आवाज ऐकू आला होता, "आलं, मॅडम, आलं!" आणि त्यावर कुसुमताईंचा, "बघ. मला कळलंसुद्धा नाही."